उतारवयातला फटकेबाज

मोपाच्या सड्यावर आता विमाने उतरतात. 5 जानेवारी 2023 ला तिथून पहिले प्रवासी उडाले, आणि आमच्या पिढीचा सडा कुंपणाच्या आत गेला. त्या सड्यावर आम्ही क्रिकेट खेळत असू. पावसाळ्यात हिरवे, दिवाळीनंतर पिवळे आणि मार्चपासून नुसते तांबडे, असे ते मैदान. खाली जांभा दगड असल्यामुळे टेनिसचा चेंडू कसाही उसळायचा. पडलेल्याचे गुडघे सोलून निघायचे. सीमारेषा म्हणजे चुन्याची फक्की, आणि एका बाजूला ती मारायलाही जागा नव्हती. तिकडे काजूची झाडे हीच सीमा.

गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला 1987 साली. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या मंडळाने पेडणे तालुक्यातल्या एका स्पर्धेत संघ उतरवायचे ठरवले. मी चिटणीस होतो. देवळाच्या मंडपात बैठक बसली. दहा नावे पाच मिनिटांत झाली आणि अकराव्या नावावर रात्रीचे अकरा वाजले. ते नाव भाऊचे होते. भाऊ म्हणजे आमच्या बाजूचा एकेकाळचा खंदा फटकेबाज. वय चाळिशीच्या पुढे, पोट सुटलेले, धाव घेताना पाय ओढणारा. वर दोन स्पर्धांत पंचांशी भांडलेला आणि एकदा सामन्याला पिऊन आलेला. पण त्याने मारलेला चेंडू काजूच्या झाडांपलीकडे जात असे आणि तो शोधायला अर्धा गाव जात असे.

"तेका घेव नाका, उद्या पियोन येतलो," एकजण म्हणाला. दुसऱ्याने विचारले, "मगे शेवटच्या दोन षटकांत मारतलो कोण?" दोघांचेही खरे होते. मी काय म्हणालो आणि पुढे काय झाले ते नंतर सांगतो. त्याआधी हे सांगायचे आहे, की हा वाद आमच्या मंडपातला नव्हताच. खेळ जितका जुना तितका तो जुना आहे, आणि भारतीय क्रिकेटमधली त्याची सगळ्यात गाजलेली दोन प्रकरणे एकाच कर्णधाराच्या काळात घडली. त्यातल्या एकाचा नायक तर आपल्या मडगावचा होता.

सुरुवात मात्र सी. के. नायडूंपासून करायला हवी, कारण उतारवयातल्या फटकेबाजांचा मूळपुरुष तोच. नागपूरला 1895 साली जन्मलेला हा माणूस. 1926 च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर हिंदू संघाकडून एम. सी. सी. विरुद्ध त्याने 153 धावा काढल्या, त्यात 11 षटकार होते. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्यात त्या डावाचा मोठा वाटा होता असे मानतात. 1932 साली लॉर्ड्सवर भारताचा पहिला कसोटी कर्णधार झाला तेव्हाच तो छत्तीस वर्षांचा होता. बाकीच्यांची कारकीर्द जिथे आवरती होते तिथे याची अधिकृत कारकीर्द सुरू झाली! इंदूरच्या होळकरांनी त्याला आपल्या संघात आणले, नेतृत्व दिले, आणि 1945-46 च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्याने द्विशतक ठोकले. वय पन्नास. 1956-57 साली, साठी ओलांडल्यावर, तो उत्तर प्रदेशकडून रणजी खेळत होता. शिस्तीचा कडक, जिभेचा तिखट, शत्रू भरपूर. तरी त्याला घेणारे त्याला का घेत होते, तर त्याच्यासोबत एक धाकही संघात येत असे. धावा हा त्याचा एक भाग झाला.

नायडू अपवाद म्हणून सोडून देऊ. अपवादावरून नियम काढला की फसगत होते. सर्वसाधारण माणसाचे काय होते, ते पाहण्यासाठी 1971 साल पाहावे.

त्या वर्षी जानेवारीत निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने मन्सूर अली खान पतौडी यांचे कर्णधारपद गेले आणि अजित वाडेकर कर्णधार झाले. वेस्ट इंडीजचा दौरा तोंडावर होता. मर्चंट यांचे धोरण तरुणांना संधी देण्याचे, आणि ते चूक नव्हते. विश्वनाथ आणि सोलकर त्याच काळात पुढे आले. पण वाडेकरांना दोन जुनी माणसे हवी होती. एक दिलीप सरदेसाई, दुसरा सलीम दुराणी. तिसरे जयसिंहाही त्या दौऱ्यावर होते, पण त्यांची गोष्ट वेगळी.

सरदेसाईंविषयी आपल्याकडे जितके लिहायला हवे तितके लिहिले गेलेले नाही, म्हणून थोडे थांबतो. जन्म मडगाव, 8 ऑगस्ट 1940. पोर्तुगीज अमलातले गोवे फुटबॉलचे. क्रिकेट होते ते मुंबईला ये-जा असलेल्या घरांपुरते. सरदेसाई सतराव्या वर्षी मुंबईला गेले, विल्सन कॉलेजात शिकले आणि विद्यापीठाच्या क्रिकेटमधून वर आले. त्यांची पहिली कसोटी इंग्लंडविरुद्ध कानपूरला, 1961 च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे मडगावचा मुलगा भारताकडून खेळायला उतरला तेव्हा मडगावावर अजून सालाझारचा झेंडा होता! पुढे अडीच आठवड्यांनी, 19 डिसेंबरला, गोवा मुक्त झाला. मला ही तारीख नेहमी चटका लावते. आमच्या पेडण्यात त्या दिवशी भारतीय सैन्य आले ते सांगणारी माणसे मी ऐकली आहेत. त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हते की एक गोंयकार त्याच महिन्यात भारताच्या कसोटी संघात जाऊन बसला आहे.

त्याच मालिकेत दुसरा माणूस चमकला. काबूलला जन्मलेला, जामनगरला वाढलेला, डावखुरा, देखणा सलीम दुराणी. कोलकाता आणि चेन्नईच्या शेवटच्या दोन कसोटींत त्याने 18 बळी घेतले, आणि भारताने इंग्लंडविरुद्धची मालिका पहिल्यांदा जिंकली. अर्जुन पुरस्कार मिळालेला तो पहिला क्रिकेटपटू. पण पुढे प्रेक्षकांनी त्याला लक्षात ठेवले ते षटकारांसाठी. ज्या बाजूच्या लोकांनी षटकार मागितला त्या बाजूला तो मारायचा, असे म्हणतात. यातले खरे किती आणि रंगवलेले किती, त्याचा हिशोब करू नये. लोकांना असा माणूस लागतो. त्याच्या मनात आले तर तो खेळणार आणि मनात नसेल तर हातात बॅट घेऊन उभा राहणार, अशीही त्याची ख्याती होती. निवड समितीला डोकेदुखी होण्यासाठी एवढे पुरेसे आहे.

1971 च्या सुरुवातीला सरदेसाई तिशी ओलांडलेले आणि दुराणी छत्तीस वर्षांचा. सरदेसाईंचे कसोटीतले दिवस संपले असे बहुतेकांनी धरले होते. त्यांच्या निवडीसाठी वाडेकरांना मर्चंट यांच्यापुढे हट्ट धरावा लागला, असे सांगितले जाते. यातली गंमत अशी की हेच मर्चंट 1951 साली, चाळीस वर्षांचे असताना, दिल्लीला इंग्लंडविरुद्ध 154 धावा काढून गेले होते. त्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांदा दुखावला आणि ती त्यांची शेवटची कसोटी ठरली. चाळिशीत दीडशे करणारा माणूस तिशीतल्या माणसाला म्हातारा ठरवतो! मी त्यांना दोष देत नाही. खुर्ची बदलली की माणसाला वय वेगळे दिसते.

किंग्स्टनला पहिल्या कसोटीत भारत 5 बाद 75. सरदेसाई उभे राहिले. आधी सोलकर आणि मग प्रसन्नाला हाताशी धरून त्यांनी 212 धावा केल्या. भारताबाहेर द्विशतक काढणारा पहिला भारतीय फलंदाज मडगावचा ठरला. पावसाने सामना चार दिवसांचा झाला होता, म्हणून फॉलोऑनला दीडशेचीच आघाडी पुरेशी होती. भारताने वेस्ट इंडीजला फॉलोऑन दिला. वाडेकर सोबर्सला ते सांगायला गेले तेव्हा सोबर्सचा चेहरा काय झाला असेल याची कल्पना आपण करावी. पोर्ट ऑफ स्पेनला दुसरी कसोटी. सरदेसाई 112. आणि वेस्ट इंडीजच्या दुसऱ्या डावात दुराणीने क्लाइव्ह लॉइडला 15 वर आणि गॅरी सोबर्सला शून्यावर बाद केले. सबंध डावात त्याने 17 षटके टाकली आणि 21 धावा दिल्या. चेंडू आपल्याकडे द्या, या दोघांना काढतो, असे त्यानेच कर्णधाराला सांगितले होते, अशी कथा आहे. भारताने तो सामना 7 गडी राखून जिंकला. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा तो पहिला कसोटी विजय. ब्रिजटाउनला पुन्हा 6 बाद 70, पुन्हा सरदेसाई, 150. मालिकेत त्यांच्या धावा 642. त्या मालिकेत नव्या गावसकरने 774 काढल्या म्हणून हे 642 झाकोळले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओव्हलला इंग्लंडला हरवले, त्यातही सरदेसाईंच्या 54 आणि 40 आहेत. भारतीय क्रिकेटच्या पुनरुज्जीवनाचा शिल्पकार, असे सरदेसाईंना म्हणणारे पुढे मर्चंटच होते. चूक कबूल करायला मोठेपणा लागतो. तो मर्चंट यांच्याकडे होता.

आता ही जुनी माणसे घ्यावीत की नाही, याचा निकाल 1971 ने लावला असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही, कारण दुसरे प्रकरण लगेच पुढे उभे आहे.

1972 च्या डिसेंबरात इंग्लंडचा संघ आला. दिल्लीची पहिली कसोटी सरदेसाईंची शेवटची ठरली. त्यानंतर ते कसोटी क्रिकेटमधून बाजूला झाले. कोलकात्याला त्यांची जागा मधल्या फळीत रिकामी झाली आणि तिथे दुराणी आला. एक जुना गेला, दुसरा जुना आला. कोलकात्याला त्याने अर्धशतक काढले, चेन्नईलाही बऱ्या धावा केल्या. मग कानपूरच्या कसोटीतून त्याला वगळले. लोक भडकले. 'नो दुराणी, नो टेस्ट' असे फलक झळकले. एका फलंदाजासाठी, अडतीस वर्षांच्या! मुंबईच्या शेवटच्या कसोटीत, फेब्रुवारी 1973 मध्ये, त्याला परत घेतले. ब्रेबोर्नवर त्याने 73 आणि 37 धावा केल्या. इंजिनियर आणि विश्वनाथ यांची शतके झाली त्या डावात लोक ज्यासाठी आले होते ते दुराणीने दिले. मालिका भारताने 2-1 जिंकली.

आणि ती दुराणीची शेवटची कसोटी. 73 आणि 37 केल्यावर! 1974 च्या इंग्लंड दौऱ्यावर त्याला नेले नाही. त्याच 1973 साली तो 'चरित्र' नावाच्या सिनेमात परवीन बाबीसोबत पडद्यावर आला, म्हणजे त्याला काम मिळत होते, पण क्रिकेटचे नाही.

या दोन्ही प्रकरणांत धावा झाल्या. तरी एक माणूस 1971 साली संघाचा कणा ठरला आणि दुसरा 1973 साली टाळ्या घेऊन घरी गेला. फरक कुठे पडला? माझे उत्तर असे, की सरदेसाईंना कर्णधाराने एका कामासाठी मागून घेतले होते. बुडणारा डाव धरायचा, हे ते काम. दुराणीलाही 1971 साली तसेच घेतले होते, म्हणून त्याचे ते दोन बळी आपण अजून सांगतो. 1973 साली मात्र त्याला लोकांनी संघात घातले. ज्याला रस्त्याने निवडले त्याच्यासाठी संघात काम ठरलेले नसते. तो चांगला खेळला तरी लोकांचे समाधान झाले एवढेच. मालिका संपली की त्याचे कामही संपते. म्हणून 'म्हातारा फटकेबाज घ्यावा का' हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. तो कोणाला हवा आहे आणि कशासाठी, हे आधी विचारावे. कर्णधाराला हवा असेल, आणि कशाला हवा हे त्याला सांगता येत असेल, तर वय आणि वदंता दोन्ही बाजूला ठेवून घ्यावा. नुसती गर्दी ओरडते म्हणून घेऊ नये. आणि गर्दीला राग येतो म्हणून टाळूही नये.

टाळण्याचे एक उदाहरण सातासमुद्रापलीकडचे आहे. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे. चेंडू मैदानाबाहेर मारला की त्याला होम रन म्हणतात, आपल्या षटकारासारखे. 2007 च्या ऑगस्टमध्ये बॅरी बाँड्स या खेळाडूने होम रनांचा सर्वकालीन विक्रम मोडला आणि हंगामअखेर आपला आकडा 762 वर नेला. वय 43. शरीर वाढवणारी औषधे घेतल्याचा त्याच्यावर दाट संशय होता, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात न्यायालयापुढे खोटे बोलल्याचे आरोपपत्र दाखल झाले. त्याच्या संघाने त्याला सोडले. तरी त्या हंगामात तो मोडकळीला आला नव्हता. 28 होम रन मारले होते आणि तळावर पोहोचण्याच्या प्रमाणात तो त्याच्या लीगमध्ये सर्वांच्या पुढे होता. 2008 साली तीस संघांपैकी एकानेही त्याला घेतले नाही. औषधांचे प्रकरण लहान नव्हते, हे खरे. पण त्याच्यावर संशय असताना, तो विक्रमाकडे सरकत होता तोवर, मैदाने भरत होती आणि तिकिटे विकली जात होती. गरज होती तोवर चालला आणि गरज संपली तेव्हा नीती आठवली, असे मला त्यात दिसते. वाचकांनी वेगळे मत ठेवायला हरकत नाही.

आपल्या गोव्याच्या संघालाही हा प्रश्न चुकलेला नाही. गोवा रणजी खेळू लागला 1985-86 पासून, आणि बाहेरचे व्यावसायिक खेळाडू आणावेत की आपल्या पोरांना ठेवावे हा वाद तेव्हापासून चहाच्या टपरीवर चालू आहे. तो स्वतंत्र विषय आहे, इथे काढत नाही.

वाडेकरांचे काय झाले तेवढे सांगून मोपाला परत येतो. 1974 साली इंग्लंडमध्ये भारत तिन्ही कसोटी हरला. इंदूरला 1971 च्या विजयाची आठवण म्हणून उभारलेल्या सिमेंटच्या बॅटीला लोकांनी डांबर फासले. परतल्यावर वाडेकरांना पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळण्यात आले, आणि त्यांनी निवृत्ती जाहीर केली. वय तेहतीस. जुन्या माणसांसाठी भांडणारा हा कर्णधार स्वतः जुना ठरला तेव्हा त्याच्यासाठी भांडायला कोणी दुसरा वाडेकर नव्हता.

तर मंडपातली ती रात्र. आमचा कर्णधार तेवीस वर्षांचा होता. तो म्हणाला होता, "भाऊ माका जाय. शेवटच्या दोन षटकांक." म्हणजे कर्णधाराला हवा होता, आणि कशाला हवा तेही त्याने सांगितले होते. एवढे सगळे इतिहास वाचून मी आज जे लिहितो आहे ते त्या पोराने एका वाक्यात म्हटले होते. मी चिटणीस म्हणून उठलो आणि शिस्तीवर बोललो. मंडळाचे नाव, गावाची अब्रू, पुढची पिढी, असे बरेच. मी बरा बोलत असे. माझ्या बाजूने हात वर झाले आणि अकरावा म्हणून एक धावणारा मुलगा घेतला.

ठरलेले भाऊला सांगायचे काम चिटणीसाचे. मी गेलो नाही. आज जातो, उद्या जातो म्हणत राहिलो. खरे तर त्याच्या तोंडासमोर उभे राहण्याची हिंमत नव्हती. सामन्याच्या दिवशी सकाळी तो सड्यावर आला. दाढी केलेली, पांढरा शर्ट, काखेत गोणपाटात गुंडाळलेली बॅट. आणि पूर्ण शुद्धीत. फळ्यावर खडूने लिहिलेली नावे त्याने वरून खाली वाचली, पुन्हा एकदा वाचली. कोणालाच काही विचारले नाही. काजूखाली जाऊन बसला आणि संपूर्ण सामना पाहिला. आम्ही सात धावांनी हरलो. शेवटच्या षटकात आमचा तो धावणारा मुलगा दोनदा हवेत मारायला गेला, आणि दुसऱ्यांदा झेल उडाला.

सामना संपल्यावर भाऊ उठला, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "रे चिटणीसा, घरा येवन सांगलो आसतो तर मी आज बाजारात गेलो आसतो मरे. शनवार आसा."

विमानतळाच्या रस्त्याने जाताना कुंपणापलीकडे मी अजून ती काजूची झाडे शोधतो. ती कुठे होती, ते आता नेमके सांगता येत नाही.